तीन वर्षांच्या पावलाचा दोरा

दुसऱ्याचं भांडण ऐकू नये हे मला कळतं. पण मधली भिंत फळ्यांची होती आणि कान माझे शाबूत होते, त्याला मी काय करणार. मी अलीकडच्या खोलीत नातीच्या फ्रॉकची खालची शिवण उसवत बसले होते आणि पलीकडे माझी लेक आणि जावई भांडत होते. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून दबक्या आवाजात. अशी भांडणं फार खोल जातात, ओरडून केलेली बरी.

जावई लिफ्टचे मेकॅनिक. कंपनीने त्यांची बदली बंदराच्या मोठ्या शहरात केली होती, आमच्यापासून दीड दिवसाच्या प्रवासावर. त्यांच्यापुरती एक खाट वर्कशॉपच्या माडीवर मिळणार होती. बायकापोरांची सोय ज्याची त्याने बघायची.

लेक म्हणत होती, "मला समुद्र नको. एक खोली असली तरी भागेल माझं. पण आम्हाला घेऊन चला."

"महिनाभर दे," जावई म्हणाले. "किनाऱ्याकडच्या वस्त्या चांगल्या आहेत म्हणतात. बघतो, खात्री करून घेतो, मग बोलावतो."

"तुमची खात्री पटेपर्यंत पोरगी म्हातारी होईल."

जावई हसले. तीही हसली असावी, कारण भांडण तिथेच विझलं. मला तेव्हा उठून जाऊन म्हणता आलं असतं, बाई गं, त्यांचं ऐकू नकोस, आजच बोचकं बांध आणि गाडीत बस. म्हटलं नाही. नात आणखी महिनाभर माझ्या कुशीत झोपणार, ह्या आनंदात मी शिवण उसवत राहिले. तो महिना काही केल्या संपला नाही.

जावई माणूस म्हणून सोन्यासारखे. व्यसन नाही, शिवी नाही, ताटात काही टाकणं नाही. फक्त खात्री. खुर्चीवर बसायच्या आधी तिचे चारही पाय हलवून बघायचे. आमचे हे म्हणायचे, "जावईबापू, खुर्ची आहे, लिफ्ट नाही. पडलात तरी दीड फुटावरून पडाल." त्यांनीच नाव पाडलं, खात्रीसाहेब. जावई रागवायचे नाहीत. एकदा त्यांनीच मला सांगितलं, शिकाऊ असताना त्यांच्या उस्तादाचा हात लिफ्टखाली सापडला, कारण कोणीतरी म्हणालं होतं, बघितलंय मी, ब्रेक ठीक आहे. तेव्हापासून दुसऱ्याने बघितलेलं त्यांना पुरत नसे. स्वतः बघितलेलंसुद्धा एकदा बघून पुरत नसे.

आणि समुद्रच का, तर लहानपणी सात माणसं एका खोलीत वाढली. खिडकी होती, ती उघडली की हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. पुढे कामही तसलंच. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते, तिच्यात दिवसभर बॅटरी घेऊन लोंबकळायचं. मला म्हणाले, "आई, मी सगळा दिवस विहिरीत असतो. माझ्या पोरीने तरी उघड्यावर वाढावं." 

निघायच्या दिवशी त्यांनी एक अजब काम केलं. नातीचे पाय पाण्यात बुडवले आणि तिला कोरड्या फरशीवरून चालायला लावलं. एका ओल्या पावलाच्या टाचेपासून पुढच्या पावलाच्या टाचेपर्यंत काळा दोरा धरला, तेवढाच कापला, दोन्ही टोकांना गाठी मारल्या. म्हणाले, ही तीन वर्षांची आहे, दोनशे पावलांपर्यंत खुशीत चालते, चारशेला कुरकुरते, त्यापुढे उचला म्हणते. तेव्हा वाळू दोनशे पावलांच्या आत हवी आणि शाळा चारशेच्या आत. दोरा वहीच्या पुठ्ठ्यात ठेवला आणि गेले. नात ओल्या पावलांनी घरभर नाचत राहिली, मला पुसायला काम.

मग दर रविवारी ते किनाऱ्याकडे जाणारी बस धरायचे. बरोबर एक काठी, तिच्यावर गुडघा, कंबर, छाती अशा तीन खुणा, पोरीच्या उंचीच्या. सोमवारी पत्र टाकायचे. लेक ते मोठ्याने वाचायची, सुरुवातीला तरी.

पहिल्या वस्तीत वाळू साखरेसारखी होती, पण पाच पावलांत पाणी कमरेला. नको. दुसऱ्या ठिकाणी पाणी उथळ, पण शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे आणि त्या रस्त्यावरून बंदराचे ट्रक. नको. तिसऱ्या ठिकाणी सगळं जमलं. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट असलेल्या इमारतीत. जावयांनी लिफ्टच्या वरच्या खोलीत डोकावून बघितलं तर ब्रेकची पट्टी झिजलेली. पुढच्या रविवारी स्वतःची हत्यारं नेऊन त्यांनी ती बदलून दिली. इमारतीतल्या लोकांनी चहा पाजला, हात जोडले. आणि जावयांनी घर नाकारलं. पत्रात लिहिलं होतं, ज्यांनी इतकी वर्षं ब्रेककडे बघितलं नाही, ते पुढेही बघणार नाहीत. चौथ्या ठिकाणी दवाखाना लांब होता.

लेकीने सामान बांधून ठेवलं होतं. दोन महिने ते तसंच कोपऱ्यात. मग एक दिवस तिने गाठोडं सोडून कढई काढली. पुढच्या आठवड्यात चादरी. मग पोरीची खेळणी. एकदम कधीच सोडलं नाही, लागेल तसं एकेक काढलं. शेवटी रिकामं फडकं उरलं, त्याने ती ओटा पुसायला लागली.

चौथ्या वर्षी शाळेला सुट्टी लागली तेव्हा लेक म्हणाली, आपणच जाऊ. मलाही ओढून नेलं. जावयांनी आम्हाला पाचव्या वस्तीत नेलं. काय सांगू, घर बघून माझाच जीव तिथे अडकला. बैठं घर, दोन खोल्या, मागे कपडे वाळवायला मोकळी जागा, समोर बदामाचं झाड आणि त्याच्यापुढे गल्ली थेट वाळूत शिरलेली. शाळेची घंटा घरात ऐकू येत होती. किनाऱ्यावर उंच मचाणावर माणूस बसलेला, कोणी बुडतंय का बघायला. बायका पोरांना घेऊन बसल्या होत्या. एकीने लेकीला विचारलंसुद्धा, राहायला येताय का.

जावयांनी फाटकापाशी वही उघडली, दोरा काढला आणि मला दाखवायला म्हणून तो जमिनीवर टाकत वाकून मोजू लागले. एक, दोन, तीन. म्हणाले, आई, मागच्या रविवारी मोजलंय, एकशे नव्वद भरतात, दोनशेच्या आतच आहे. तेवढ्यात नात पळत सुटली. ती आता सात वर्षांची, लांब ढांगांची पोर. वाळूवर पोचून तिथूनच ओरडली, "बाबा, मी मोजली, ब्याऐंशी."

जावई दोरा हातात धरून वाकलेलेच राहिले. त्या दोऱ्याकडे बघत होते, जसं काही त्यांनी स्वतः तपासलेली लिफ्टची तार तुटली होती. मी पोरीचा फ्रॉक शिवताना चार बोटं कापड आत दुमडून ठेवायची, मूल वाढतं म्हणून. हे अडाणी बाईला कळतं. त्यांच्या दोऱ्यात दुमडायला काही ठेवलंच नव्हतं.

लेक पुढे झाली. तिने त्यांच्या हातातला दोरा घेतला नाही, काही नाही. नुसती म्हणाली, "अहो, हे घर घ्या. आज घ्या. मी इथून परत जात नाही."

मी मनात म्हटलं, हो म्हणा. माणसाच्या आयुष्यात इतकं सरळ कोणी वारंवार मागत नाही.

जावयांनी समुद्राकडे बघितलं, काठी उचलली, म्हणाले, "मी भरतीच्या वेळी आलो होतो. ओहोटीला इथलं पाणी ओढतं का, ते बघायचं राहिलंय. पुढच्या रविवारी बघतो आणि लगेच घेतो. एकच रविवार."

लेकीने पोरीला हाक मारली आणि तिच्या चपलांतली वाळू झटकली. भांडली असती तर बरं झालं असतं. आम्ही दुसऱ्या दिवशी परतलो.

शुक्रवारी ते घर गेलं. कोणी घेतलं? जावयांच्याच वर्कशॉपमधल्या वेल्डरने. त्याची बायको-पोरं गावाहून यायची होती, त्याने जावयांची वही मागून घेतली, पाचव्या वस्तीचं पान वाचलं आणि खात्री पटली म्हणून दुपारीच विसार देऊन आला. म्हणाला, साहेब, तुम्ही बघितलंय म्हणजे मी कशाला बघायला जाऊ. रविवारी जावई ओहोटी बघायला गेले तेव्हा वेल्डर त्या घराच्या खिडकीला रंग देत होता. पाणी अजिबात ओढत नव्हतं, हेही त्यांनी पत्रात प्रामाणिकपणे लिहिलं.

तिथून सगळं तसंच चालू झालं. नव्याने बदलून आलेला माणूस, मग तो हिशेबनीस असो की स्टोअरकीपर, आधी जावयांच्या खाटेपाशी यायचा. मूल किती वर्षांचं, आईवडील बरोबर आहेत का, बाईमाणसाला उशिरा बस लागेल का, असं विचारून जावई त्याला पान काढून द्यायचे. कोणाला उथळ पाणी, कोणाला दवाखाना, कोणाला सपाट रस्ता. त्या वहीवरून कितीतरी घरं किनाऱ्याला लागली. रविवारी ते गेले की कोणीतरी चहाला हाक मारायचं. तिथली पोरं त्यांना मोजणीकाका म्हणायची. त्या पोरांना पोहायला शिकताना त्यांनी बघितलं. आपल्या पोरीला नाही बघितलं, ती कुठल्याशा तलावात आपली आपण शिकली.

इकडे लेकीने इस्पितळाच्या धोबीखात्यात काम धरलं. चादरी मोजून घ्यायच्या, मोजून द्यायच्या. नवरा-बायको दोघंही मोजण्यातच, असं मी एकदा गमतीने म्हटलं, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा म्हणून नाही म्हटलं. पुढे ती त्या खात्याची मुख्य झाली. पत्रं यायची, ती आता मोठ्याने वाचत नसे. वाचून डब्यात ठेवायची.

दहाव्या वर्षी पत्राऐवजी जावई स्वतःच आले. अकरावी वस्ती सापडली होती. भरती बघितली, ओहोटी बघितली, सगळ्या ऋतूंत एकेकदा बघितलं. विसारसुद्धा दिला होता. ते आमच्या खुर्चीवर बसले, तिचे पाय न हलवता, इतके घाईत होते.

लेकीने शांतपणे सांगितलं. पोरगी तेरा वर्षांची आहे, तिच्या मैत्रिणी इथे आहेत. माझ्या हाताखाली नऊ बायका आहेत. आईचे गुडघे गेलेत. आता तिथे येऊन मी वाळूत काय करू.

जावई म्हणाले, "हे सगळं मी तुमच्यासाठीच केलं."

"माहीत आहे," लेक म्हणाली. "म्हणूनच कोणापाशी रडता येत नाही मला. दारुड्याची बायको तरी रडू शकते."

ह्या वेळी मी भिंतीपलीकडे नव्हते, समोरच होते, गुडघ्याला तेल लावत. पण बोलायला माझ्यापाशी काहीच नव्हतं. तेव्हा होतं, दहा वर्षांपूर्वी.

ती जागा त्यांनी नव्या आलेल्या रंगाऱ्याला दिली. त्याला जुळी होती.

मग काय, वर्षातून दोनदा यायचे. पाहुण्यासारखे, टॉवेल दोरीवर टाकायलासुद्धा विचारून. नात शिकली, नोकरीला लागली, तीही दुसऱ्या शहरात. पहिल्याच दिवशी बघितलेली पहिली खोली तिने घेतली. मला म्हणाली, "आजी, खिडकी आहे, नळ आहे, आणखी काय पाहिजे." बापाला तिने विचारलं नाही. घेतल्यावर सांगितलं. जावयांनी फोनवर एवढंच विचारलं, कडी नीट बसते ना. तिने कडी बघितली नव्हती, पण हो म्हणाली. माणूस असा हो म्हणायला शिकतो.

निवृत्तीला चार महिने होते. लेकीने कपाटातला एक खण रिकामा करून ठेवला होता. मला न सांगता, पण मी बघितला. एका मंगळवारी सकाळी जावई खाटेवरून उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, हृदय. बूट खाटेखाली सरळ रेषेत ठेवलेले.

आम्ही तिघी गेलो. एक पत्र्याची पेटी, नऊ वह्या आणि ती काठी. खोलीचं दार मी लावून बघितलं, कडी लोण्यासारखी बसत होती. दोरा मात्र सापडेना. लेकीने सगळ्या वह्यांचे पुठ्ठे चाचपले. शेवटी एक तरुण इलेक्ट्रिशियन दारात येऊन उभा राहिला, त्याने तो खिशातून काढून दिला. लेकीने हात पुढे केला नाही. नातीने घेतला, स्वतःच्या चपलेशी धरून बघितला. चपलेहून थोडासाच लांब होता.

त्या इलेक्ट्रिशियनने शेवटच्या रविवारचं सांगितलं. तो नवीनच, बायको आणि पोरगी महिन्याअखेर यायची होती. जावयांनी त्याला विचारलं होतं, पोरगी किती वर्षांची? तो म्हणाला, तीन. जावई म्हणाले, मग माझ्याकडे माप आहे.

सकाळच्या पहिल्या बसने गेले. वेल्डरच्या गल्लीपलीकडे एक घर रिकामं होतं. फाटकापासून वाळूपर्यंत दोऱ्याने मोजलं, मग शाळेपर्यंत. त्या गल्लीतली म्हातारी त्यांना म्हणाली, मोजणीकाका, आता तुम्हाला वाकवत नाही, अंदाजाने लिहा की. ते म्हणाले, वाकवतं अजून जरा. आणि कमरेवर हात ठेवून पुन्हा वाकले. भरतीला पाण्यात काठी घातली. मग वेल्डरच्या ओट्यावर चहा घेत थांबले, पाणी उतरेपर्यंत, आणि ओहोटीलाही काठी घातली. नळावर पायाची वाळू धुतली, बोटांच्या मधली सुद्धा. संध्याकाळच्या बसने परत आले.

वहीचं पान फाडून, दोरा त्यात गुंडाळून त्यांनी इलेक्ट्रिशियनच्या दाराखालून सरकवलं. पान नातीने आम्हाला वाचून दाखवलं. वाळू एकशे पंच्याहत्तर पावलं. शाळा तीनशे ऐंशी. पाणी चाळीस पावलांपर्यंत गुडघ्याच्या खाली, ओढ नाही. आणि खाली, लगेच घ्या, थांबू नका. वेल्डर म्हणाला, हे तर ते सगळ्यांच्याच कागदावर लिहायचे.

मग त्यांनी काठी खिळ्याला टांगली, दाराची कडी लावली, ओढून बघितली, आणि पुन्हा एकदा ओढून बघितली.