बानाबाईच्या गोष्टीतला लांडगा

धनगराच्या गोष्टीत लांडगा नाही, असं सहसा होत नाही. बानाबाईच्या गोष्टींत मात्र तो कधीच नसायचा. दौलताबादच्या किल्ल्याखाली मुलाच्या दोन खोल्यांत ती राहायची आणि दुपारी लिंबाखाली बसून नात सखूला गोष्टी सांगायची. तिच्या गोष्टीतली कोकरं पुरात वाहून जायची, तापानं मरायची, वाट चुकायची. लांडगा काही यायचा नाही.

नुसतं नाव निघालं तरी तिच्या तोंडाला कोरड पडे. पस्तीस वर्षांत उजाडायच्या आधी ती एकटी कुठं गेली नव्हती. नवरा बिरू वारला, मेंढरं विकली, मुलगा सूर्यभान शहरातल्या औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानात लागला. पण तिचं भ्या काही सुटलं नाही.

कारण घरच्यांना ठाऊक होतं. पस्तीस वर्षांपूर्वी गंगापूरकडं एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती, तेव्हा पहाटं लांडग्यानं तिचं दहा महिन्यांचं लेकरू, म्हस्कू, तिच्या कुशीजवळून उचललं. बिरू काठी घेऊन ओढ्यापर्यंत धावला आणि नुसती लेकराची कुंची घेऊन परतला. बानाबाई रडली नाही. दुसऱ्या दिवशी मेंढरं पुढच्या शेतात गेली, तीही त्यांच्या मागं गेली.

एकदा सखूनं शाळेचं पुस्तक पुढं धरलं. "आजी, हा बघ लांडगा. तुझ्या गोष्टीत का नसतो?"

बानाबाईनं पुस्तक पालथं घातलं. तीन दिवस तिनं गोष्टच सांगितली नाही. चौथ्या दिवशी सूर्यभानला म्हणाली, "शहरात जनावरं ठेवलेली हायेत म्हणं. लांडगा हाय का?"

"हाय. पर माय, तुला काय करायचं?"

"बघायचाय."

सुट्टीच्या दिवशी दोघं जीपनं गेली. पिंजरा दिसायच्या आधी वास आला. तिचे पाय थांबले, मग दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे चालू लागले. लांडगा कोपऱ्यात पडला होता. कानावर माशा, मागच्या पायाचे केस झडलेले. त्यानं डोळे उघडले, तिच्याकडं पाहिलं आणि मिटले.

ती तासभर उभी राहिली.

"माय, रडायचं असंल तर रड," सूर्यभान म्हणाला.

"येत नाय." पिंजऱ्याकडं बघत ती म्हणाली, "मी जागी व्हते रं. त्याला येताना पाह्यलं. घोंगडी डोक्यावर घेतली. तुझ्या बापाला हाकबी नाय मारली."

बाहेर आल्यावर सूर्यभाननं तिला चहा पाजला. चहात साखर होती की नाही, तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली तिनं लांडग्याची गोष्ट सांगितली. त्याचं मान खाली घालून येणं, कान मागं टाकणं, सगळं. आता गोष्टीतली बाई काठी घेऊन उठेल, म्हणून सखू सरसावून बसली. बाई घोंगडीत शिरली.

"असली कसली बाई!" सखू चिडली. "तिला काय वाटलं नाय?"

"भ्याली व्हती."

"मग लेकरू?"

"गेलं."

सखू उठून घरात गेली. बानाबाई तिथंच बसून राहिली.

त्याच आठवड्यात एका पहाटं ती एकटीच उठली, कडी काढून बाहेर पडली आणि टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेली. झुडपात काहीतरी सळसळलं. ती थांबून बघत राहिली. भ्या वाटलं नाही. दुसरं काही वाटलं, असंही नाही. फटफटल्यावर ती घरी आली आणि चुलीशी बसून भाकरी थापू लागली.