मायची फाईल

दुरुस्तीवाल्याने माझ्या मित्राला सांगितलं की कॉम्प्युटर चालू होत नाही, फॉरमॅट मारावा लागेल, आतलं सगळं जाईल. या बाबाजीने हो म्हणण्याआधी मला फोन केला, एवढीच काय ती अक्कल. मी सरळ सांगितलं, डबा उचल आणि माझ्या घरी आण, कोणाला हात लावू देऊ नको.

माझं डोकं सरकायला कारण होतं. त्या डब्यात त्याची माय होती. म्हणजे तिने सांगितलेलं सगळं आयुष्य, गिरडकडच्या माहेरापासूनचं. दोन वर्षं तिच्यासमोर बसून याने एका बोटाने टाइप केलं. आता म्हातारीला सकाळी काय जेवली तेही आठवत नाही. फाईल गेली तर पुन्हा विचारायचं कोणाला? आणि दुसरी प्रत नाही. का, तर पेन ड्राइव्ह हरवतो म्हणे.

मी काही इंजिनिअर नाही, वर्ध्यात कापडाचं दुकान आहे माझं. पण हा नाद जुना. डिस्कवरून दुसरी सिस्टीम चालवली की बंद पडलेल्या मशीनमधल्या फाईली काढता येतात, हे मला ठाऊक होतं. त्याचं मशीन इतकं जुनं की पेन ड्राइव्हवरून चालू होत नव्हतं, सीडीच लागणार. कोऱ्या सीड्या आता मिळतात कुठे? शेवटी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्याकडे तीन सापडल्या. दुकान भावावर टाकलं आणि बसलो.

पहिली डिस्क केली, घातली. नुसती घरघर आणि काळा पडदा. दुसरी कमी वेगाने केली. तेच. मित्र म्हणून राह्यला होता की जाऊ दे, तुझा दिवस वाया चालला. मी त्याला गप्प बसवलं. फाईल काढल्याशिवाय जेवणार नाही असं बायकोसमोर बोलून बसलो होतो, आणि बोललो म्हणजे बोललो.

तिसरी करण्याआधी पहिल्या दोन्ही माझ्या मशीनमध्ये लावून पाहिल्या. मस्त चालल्या. म्हणजे खोट त्याच्या ड्राइव्हमध्ये होती. डब्यावर हळदीकुंकवाची बोटं वाळलेली दिसली, तेव्हा मी विचारलं, दसऱ्याला पूजा कशी केली ते नीट सांग. तो लाजला.

"ते सीडीचं उघडते ना, तोंडावानी. म्हटलं वरून कायले, तोंडातच देऊ. अक्षता टाकल्या, फूल टाकलं, बंद केलं."

मी त्याला जे बोललो ते इथे लिहिता येत नाही. ड्राइव्ह खोलला. तांदूळ, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आणि आतल्या बारक्या भिंगावर कुंकू. कापसाच्या बोळ्याने श्वास रोखून पुसलं. डिस्क घातली. या वेळी पडदा उजळला, फोल्डर उघडले, आणि फाईल होती. तीन ठिकाणी उतरवून घेतली, मगच पानावर बसलो.

संध्याकाळी मशीन घेऊन आम्ही पिपरी मेघेला त्याच्या घरी गेलो. त्याला धीर कुठला. डिस्कवरच मशीन चालू केलं आणि मायला समोर बसवून मधलंच एक पान वाचायला लागला. पोरगी तापाने फणफणलेली, नाल्याला पूर, बैलबंडी पलीकडे जाईना, आणि मांडीवरच पोर गेली, ते पान. माय एकटक ऐकत होती. वाचून झालं तेव्हा तिने पदराने डोळे पुसले.

"कोन होय रे हे बाई? लय सोसलं बिचारीनं. आता कशी हाये ते?"

मी भिंतीकडे पाहत राहिलो. मित्राने मायचा हात हातात घेतला.

"बरी हाये, माय. माह्याजवळच राह्यते."