आत्तीची धुरी आणि न मिटणारी खिडकी

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरातलं देवदेवस्की, अंगारे-धुपारे सगळं एकदम बाहेर गेलं. इथं लोक भुतांचे अनुभव लिहितात, ते वाचून मी आजवर हसतच आलेय. आता हा माझाच आहे... हसा मला!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट, खाली कोचिंग क्लास. मला पहिली मुलगी झाली. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, म्हणून बाळंतपण करायला मंगळवार पेठेतनं आत्ती आली – वडिलांची बहीण. तिनंच मला वाढवलं. आणि बाळंतिणीची शेक-शेगडी हा तर तिचा धंदाच! निम्म्या पेठेतली पोरं तिच्या पायांवर न्हालेली.

तिची पद्धत ठरलेली. आंघोळ झाली की दारं-खिडक्या गच्च बंद, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग. समोरचं माणूस दिसू नये एवढा धूर. आत्तीला खोकला तर कायमचाच. कुणी विचारलं की उत्तर तयार, "धुराचा ठसका हाय, त्यात काय एवढं?"

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी धूर भरला आणि खट्ट! खिडकी सताड उघडी.

"काय गं, खिडकी कशाला काढलीस? बाळाला वारं लागंल की!"

"मी बाजेवरनं हलले तरी का आत्ती?"

"मग काय, भिंतीनं कडी काढली व्हय?"

तिनं पुन्हा लावली. पुन्हा उघडली. बाहेर वारा म्हणाल, तर समोरच्या गॅलरीतली वाळत घातलेली साडी जागची हलत नव्हती.

आत्ती हट्टाला पेटली. माझं पोट बांधायचा पट्टा घेतला, खिडकीच्या दोन्ही मुठींतनं ओवला आणि करकचून गाठ मारली. "आता बघते, कोण उघडतंय ते!" मी बघत होते हो, माझ्या डोळ्यांनी बघत होते... ती गाठ आपोआप सैल झाली. हिसका नाही, काही नाही – कुणीतरी सवडीनं सोडवावी तशी. पट्टा खाली पडला, खिडकी उघडली. बाळ मात्र गाढ झोपलेलं.

आमच्या मिस्टरांनी सुतार आणून कडी बदलली. तरी तेच! तेही फक्त धुरी केली की. बाकी दिवसभर खिडकी मुकाट बंद. शेवटी आत्तीच वैतागली. "मरू दे तिकडं! न्हाय करत धुरी." शेगडी गॅलरीत नेऊन विझवली.

खरी गोष्ट इथनं पुढं आहे. बरेच दिवस गेले, घरात धुराचा मागमूस नाही, आणि आत्तीचा खोकला तसाच! मी म्हटलं, "आत्ती, आता कसला ठसका?" आत्ती पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात निघून गेली. मी त्याच रात्री मिस्टरांच्या कानावर घातलं.

मिस्टरांनी तिला जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडं नेलं. एक्स-रेत उजव्या फुप्फुसावर डाग. मग स्कॅन, मग तुकडा काढून तपासणी... कॅन्सर.

"मावशी, बिडी ओढता?" डॉक्टरांनी विचारलं.

"जन्मात हात लावला न्हाय बिडीला!" आत्ती कडाडली.

मग धुरीचा विषय निघाला. डॉक्टर म्हणाले, "बंद खोलीतल्या धुराचे बारीक कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात. जमिनीतून, दगडातून एक किरणोत्सारी वायूही निघतो, त्याला ना रंग ना वास, आणि कोंदट घरात तो साठतो. यांना नेमकं कशानं झालं ते नाही सांगता येणार. पण वेळेत आलात. अजून पसरलेला नाही."

मी ढसाढसा रडले. एक आई गेली होती, दुसरी मला जाऊ द्यायची नव्हती.

ऑपरेशन झालं, फुप्फुसाचा तुकडा काढला. शुद्धीवर आल्यावर आत्ती पहिलं काय बोलली असेल? "पोरीला न्हाऊ कोण घालतंय?"

आणि बाई पुन्हा कामाला लागली की! फक्त आता बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी खिडकी उघडायची. सासवा भांडायच्या, "वारं लागंल!" आत्तीचा आवाज त्यांच्या वरचा, "लागू दे वारं! धुरानं काय हुतं ते माझ्या छातीला इचारा!" बघता बघता आत्तीच्या गल्लीतली धुरी बंद झाली.

मिस्टर म्हणतात, उष्णतेनं कडी सैल झाली असेल. बरं, आणि गाठ? त्यावर ते पेपर उघडतात. शेजारणी म्हणाल्या, तुझी आईच असणार. आत्तीला हे सांगितलं तर म्हणाली, "वैनी असती तर आधी माझ्याशी भांडली असती, मग खिडकी उघडली असती."

काही वर्षांनी शेवटची मोठी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "मावशी, छाती स्वच्छ आहे. आता सारखं यायला नको." आत्ती तरातरा जिना उतरली, रस्त्यावर आली आणि लांबून जाणाऱ्या रिक्षाला हाळी दिली, "ओ पावणं! थांबा की!" अख्खा रस्ता वळून बघायला लागला. मी तिथंच उभी राहून रडत रडत हसत होते. खिडकी कुणी उघडली, मला आजही सांगता येत नाही. पण ज्यानं उघडली त्यानं ती हाळी ऐकली असणार, एवढी ती मोठी होती.