खिडकीबाहेरून दिलेलं उत्तर

काल ओले काजू सोलताना बोटं पुन्हा काळी झाली. लेक म्हणाली, "आई, उद्या कॉलेजात ह्याच हातांनी शिकवणार?"

"ह्याच हातांनी शिकले गो," मी म्हटलं. आणि त्या उग्र वासाने मला पालीजवळच्या आमच्या वाडीत, बागायतदार तात्यांच्या खिडकीशी नेऊन उभं केलं.

वाडीत टीव्ही फक्त तात्यांकडे. रविवारी सकाळी मुलांचे कार्यक्रम लागले की त्यांची नातवंडं आत चटईवर बसत आणि आम्ही काजू वेचणारी पोरं बाहेरून गज धरून बघायचो. "काजूच्या चिकाचे काळे हात घेऊन आत यायचं नाय," हा तात्यांचा कायदा.

त्या दिवशी शाळकरी मुलांची प्रश्नमंजुषा होती. टीव्हीवरच्या बाईंनी हिंदीत विचारलं, कोणत्या फळाची बी फळाच्या बाहेर असते? इस्त्रीच्या कपड्यांतली शहरी मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मी ओरडले, "काजू! बोंडूच्या खाली लटकते ती!"

"गप गो, मोठी शहाणी!" तात्या म्हणाले. तेवढ्यात बाईंनीच उत्तर सांगितलं, काजू.

तात्या वळले. "तुला कोणी सांगितलं गो?"

"सांगायला कशाला हवं? रोज वेचतो की आम्ही."

"बरं. ये आत, पुढे बस."

"हात?"

"असू देत."

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. पण पदवी घेतानाही छाती त्या रविवारएवढी फुगली नव्हती. काळी बोटं गुडघ्यांवर पसरून मी सगळ्यांच्या पुढे बसले. पुढचा प्रश्न क्रिकेटचा होता. तो काही मला आला नाही, पण मी जागेवरून हलले नाही.