पांढऱ्या पट्टीची भिंत

मुलगी नाटकं बसवते. नवं नाटक घडवण्यासाठी दिग्दर्शकांना राहायला खोली, तालमीला हॉल आणि निवांत वेळ देणारी एक रेसिडेन्सी तिला मिळाली. "म्हणजे जावयासारखी बडदास्त," असं मी नातेवाइकांत सांगूनही टाकलं.

आम्ही दोघं भेटायला गेलो, तर हॉल रिकामा, मधोमध ती एकटी. जमिनीवर फक्त पांढऱ्या चिकटपट्टीच्या रेघा. लाडवांचा डबा घेऊन मी सरळ तिच्याकडे निघालो.

"बाबा, भिंतीतून आलात!" ती ओरडली. "या रेघा म्हणजे नाटकातल्या खोलीच्या भिंती."

"घरीसुद्धा असेच घुसतात," बायको म्हणाली.

मी हसलो. मुलगी मात्र हसली नाही. "नाटक उभं राहील की नाही, कळत नाहीये," ती रेघांकडे बघत म्हणाली. "सध्या माझ्याकडे एवढंच आहे."

तयार नाटकाला टाळ्या मीही वाजवतो, तिकीट फुकट असेल तर जरा जास्तच. पण नुसत्या रेघेला भिंत समजून थबकणारा कुणीतरी आधी लागत असावा. त्याशिवाय ती उभी तरी कशी राहणार?

मी मागे फिरलो. रेघांमध्ये दारापुरती सोडलेली जागा शोधली, बाहेर चपला काढल्या आणि हवेत टकटक केलं.

"कोण आहे?" तिनं आतून विचारलं.