डाव्या हातातली मोटर

वनमाला परबची सकाळ चहाने सुरू होत नसे. चारकोपच्या खोलीत ती अंथरुणातच उठून बसे आणि उजव्या हाताची दोन बोटं डाव्या कोपराच्या आत ठेवी. कातडीखाली घरघर लागली की मगच पाय जमिनीवर टेकवी.

"काय गो, मोटर चालू आसा मा?" तिचा नवरा दत्ताराम ओट्यापाशी चहा ढवळत विचारी.

"आसा."

मोटर हा शब्द डायलिसिस सेंटरमधल्या टेक्निशियन नितेशचा. मशीनला रक्त जोरात लागतं आणि साध्या शिरेत तेवढा जोर नसतो. म्हणून हातातली धमनी शिरेला जोडतात. शीर फुगते, जाड होते, आणि आठवड्यातून तीनदा दोन दाभणासारख्या सुया सोसते. त्या जोडातून धावणाऱ्या रक्ताची ती घरघर.

तिच्या उजव्या हातात असा जोड आधी झाला होता, चिरून. सात महिन्यांत तो बंद पडला. मागे राहिल्या दोरखंडासारख्या गाठी आणि एक लांब व्रण. मग मानेत नळी बसली. नळीला पाणी चालत नाही. अकरा महिने वनमालाने डोक्यावरून पाणी घेतलं नाही. तिची एकुलती मुलगी श्रुतिका ओल्या फडक्याने तिचे केस पुसायची. दोनदा नळीतून जंतू रक्तात गेले. दुसऱ्या वेळी नऊ दिवस आयसीयू. दत्तारामने तेव्हा गावच्या देवाला नारळाची तोरणंच्या तोरणं बोलली होती.

डाव्या हाताच्या शिरा बारीक होत्या. डॉक्टरांनी सोनोग्राफीवर कोपराजवळ एक जागा शोधून काढली.

"चिरायचं नाही," ते म्हणाले. "दोन बारीक नळ्या आत सरकवू. एक धमनीत, एक शिरेत. दोन्हींत लोहचुंबक असतो. आतल्या आत एकमेकींना ओढून घेतात आणि तिथेच जोड होतो. पण काकू, जपा. ह्याच्यानंतर तुमच्या हातात मला दुसरी शीर दिसत नाही."

हातावर दोन ठिपके उमटले. पंधरवड्यात तेही गेले. तीन महिन्यांनी सुया डाव्या हातात लागायला लागल्या आणि मानेतली नळी निघाली. जखम भरल्यावर वनमाला न्हाणीत गेली ती दोन बादल्या संपवूनच बाहेर आली. तेव्हापासून केस धुणं म्हणजे तिचा सणच. फक्त डायलिसिसच्या दिवशी ती केस धूत नसे. ओल्या डोक्याने चार तास एसीत कोण पडणार?

सिस्टर दिशाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "ह्या हाताला काही बांधायचं नाही, मावशी. घड्याळ नाही, दोरा नाही, बीपीचा पट्टासुद्धा नाही. आणि घरघर थांबली तर तडक इकडे यायचं. तास मोजायचे."

वनमालाने देवीचा काळा दोरा सोडून दत्तारामच्या मनगटाला बांधला. श्रुतिकाच्या हळदीला भटजींनी कंकणासाठी डावा हात मागितला, तर तिने उजवा पुढे केला. "त्याला काही बांधत नाही." नणंद हसली, "हाताचंच लगीन लागलंय जसं!"

शनिवारी लग्न. बोरिवलीच्या हॉलवर, नवरीच्या खोलीत, श्रुतिकाने डबीतून आजीची वाकी काढली. मालवणच्या सोनाराने घडवलेली, वर तीन मोती.

"माझी नवी आहे. ही तू घाल."

वनमालाने उजवा हात पुढे केला.

"नको गं, त्या गाठी फोटोत येतील. हा बघ ना, किती झकास. ह्याला काही झालंय असं वाटतं तरी का?"

"अगं, काही बांधायचं नाही म्हणालेत."

"आई, वाकी काय बांधतात? वाकी घालतात."

वनमालाला हसू आलं. मराठीत बीए केलेली पोरगी ती! वाकी कोपरावर सरकून दंडावर बसली. जराशी घट्टच. आरशात दोघी सारख्या दिसत होत्या.

सकाळपासून कन्यादानाचा उपास. पाणी एरवीही मोजकंच. मग पंगत, मग फोटो. सात तास गेले. पाठवणीआधी हात धुताना डाव्या हाताची बोटं तिला गार लागली. तिने वाकी काढली. दंडावर लाल वळ होता. दोन बोटं कोपराच्या आत ठेवली.

काही नव्हतं.

तिने बोटं सरकवली, दाबली, हात झटकला. बाहेरून श्रुतिका हाक मारत होती. आत्ता सांगितलं तर पोरगी शालूतच रिक्षात बसेल, हे वनमालाला ठाऊक होतं. उद्या मुलुंडला सासरी सत्यनारायण होता. पहिलाच.

तिने दंडावर पदर ओढला.

गाडी गेली. दत्ताराम डोळे पुसत जवळ आला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "काय गो, मोटर चालू आसा मा?"

"आसा."

सोमवारी नितेशने नेहमीसारखा तिचा हात उचलला. "काय मावशी, लेकीसाठी मोटरपण रुसली की काय?" मग त्याने स्टेथोस्कोप लावला. स्टेथोस्कोप तसाच ठेवून त्याने डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टरांनी गुठळी काढायचा प्रयत्न केला, शिरेत बारीक फुगाही फुगवून पाहिला. दीड तासाने त्यांनी हातमोजे उतरवले. "मानेतून नळी टाकावी लागेल. आजच. पोटॅशियम वाढलंय."

श्रुतिका मुलुंडहून धावत आली. हातात हिरवा चुडा.

"कधीपासून बंद आहे, आई?"

"आज सकाळपासून. झोपेत हात अंगाखाली आला असेल."

डॉक्टरांनी दंडाकडे पाहिलं. वळ आता निळसर झाला होता. श्रुतिकानेही पाहिला.

"वाकी," ती म्हणाली.

"काहीतरीच. वाकी काय बांधतात?"

कोणी हसलं नाही. श्रुतिकाने आईच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि तिचा हात तिथेच थांबला. वेणी मुळापर्यंत ओली होती. शिकेकाईचा वास येत होता.

"आज सोमवार ना," ती म्हणाली. "आज का न्हालीस?"

सिस्टर दिशाने वनमालाला मान डावीकडे वळवायला सांगितली. श्रुतिका उजवीकडे उभी होती.