वेल्ह्याचं बारसं, उंबऱ्याबाहेरून

सर्दी-तापाच्या दिवसांत वेल्ह्याकडे जाऊ नये, असं भोरात मला तिघांनी सांगितलं. तिघेही शिंकत होते. मी निघालो.

वेल्ह्याला माझी धाकटी बहीण साळू दिली आहे. तिचं पहिलं मूल दोन वर्षांपूर्वी अशाच साथीत खोकून खोकून गेलं. आता मुलगी झाली होती, गावात पुन्हा साथ होती, आणि बारशाला सगळ्या बायका बाळ मांडीवर घेणार होत्या. साळूचा निरोप आला : पोरगी कुणाच्या हातात देणार न्हाई. सासूबाई चिडल्यात. तू ये.

लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही. भोरची मोटार कोळशाच्या गॅसवर चालते, भट्टी मागे असते. जाणाऱ्यांनी पुढची जागा धरावी. मला मागची मिळाली. कामथडीपर्यंत सगळे डोक्याला फडकी गुंडाळून, बाजूचे पडदे सोडून एकमेकांच्या तोंडावर खोकत होते. मी माझ्याकडचा पडदा वर बांधला.

"अवो मास्तर, वारं लागंल!" शेजारचे आजोबा ओरडले.

"लागू द्या."

नसरापूरहून बैलगाडी. भाडं आधी ठरवा, भाकरी बरोबर ठेवा, वाटेत चहाची खात्री नाही. विंझरला देवळात मुक्काम केला. पुढे तोरणा समोर येतो आणि तिथंच राहतो. गाडी चालते, तो जवळ येत नाही.

वेल्ह्यात पाय धुऊन उंबऱ्याशी गेलो आणि शिंकलो.

साळूनं दार अर्धं लावून घेतलं. "दादा, थितंच ऱ्हा."

"मोटारीच्या धुराची शिंक आहे."

"आसंल. थितंच ऱ्हा."

"आगं, सख्खा मामा हाय!" आतून सासूबाई. "त्याला भाईर बसवतीस?"

"व्हय."

ओट्यावर बसलो. तिची बाजू घ्यायला दोन दिवसांची वाट तुडवून आलो होतो. राग आलाच. आणलेलं आंगडं-टोपडं हातात तसंच होतं.

मग बायका आल्या. पुढे शेजारच्या चंद्राकाकू, पदराला नाक पुसत.

"का गं साळे, आमचा इटाळ व्हतो व्हय तुझ्या पोरीला?"

"भाईर दादा बसलाय, त्याला इचारा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाला बी न्हाई घेतलं?"

"नाही."

"सख्ख्या भावाला?"

"सख्ख्या भावाला."

यावर कुणाला रुसता येईना. काकू माझ्या शेजारी बसल्या.

बारशाला बाळाआधी टोपडं घातलेला वरवंटा पाळण्याखालून-वरून देतात. सासूबाईंनी पाळणा ओट्यावर टांगला, मी आणलेलं टोपडं वरवंट्याला घातलं आणि म्हणाल्या, "घ्या. आज हीच नात."

वरवंटा हातोहात फिरला.

"लई जड हाय गं!"

"आन् काळी. मामावर गेली."

चंद्राकाकूंनी त्याचा मुका घेतला आणि त्याच्या तोंडावरच सणसणीत शिंकल्या. बायका हसून लोळल्या. सासूबाई हसल्या नाहीत. टोपड्यावरचा ओलावा त्यांनी बोटानं पाहिला. मग उठून दाराला पाठ लावून बसल्या.

"आत्याबाई," साळू आतून म्हणाली, "तुमी तरी या आत."

"म्या बी ह्या टोपड्याला शिवले. म्या हितंच बरी."

नाव साळूच्या नणंदेनं, बाळाच्या आत्यानं, दाराच्या फटीतून आत सांगितलं : तारा. आम्ही ओट्यावर घुगऱ्या खाल्ल्या.

परतताना गाडीत मला ताप भरला. शिंक धुराची नव्हती. भोरला आठवडाभर अंथरुणात होतो. तुम्ही जाणार असाल तर थंडीत जरूर जा, तोरणा तेव्हाच स्वच्छ दिसतो. नाक वाहत असेल तर मात्र किल्ला बघा, घरं टाळा.

आता लोक विचारतात, एवढ्या लांब गेलात, भाची कशी आहे?

पाहिली नाही. रडताना ऐकली. दारापलीकडे बराच वेळ, घसा फोडून, आणि एकदाही न खोकता.